फोटो एडिटरवरून इंकस्केपकडे: शंकरपटाच्या एका छापाच्या निमित्ताने

तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्स, लग्नपत्रिका, आयकार्ड करणाऱ्या बहुतेकांचा हात फोटोशॉपवर किंवा गिंपवर बसलेला असतो. फोटो कापायचा, मागचं काढायचं, चमक द्यायची, वर नाव टाकायचं. वाढदिवसाच्या बॅनरपर्यंत हे सगळं छान चालतं. अडतं ते शंकरपटाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या शर्यतीच्या, कमिटीसारखं गिऱ्हाईक आलं की. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला, आणि त्यानंतर आपल्याकडे हिवाळ्यात हे काम पुन्हा जोरात येतं. कमिटीला बैलाचं एकच डोकं चार ठिकाणी हवं असतं: मैदानाच्या गेटवर १० बाय ४ फुटांचा फ्लेक्स, कार्यकर्त्यांचे टी-शर्ट, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रेडियम आणि वर्गणीचं पावती पुस्तक. वरून आग्रह असा, "भाऊ, लोगो व्हॉट्सॲपवर टाकला हाये, तेवढा मोठा करून द्या ना."

तेवढा मोठा होत नाही. १० बाय ४ फूट म्हणजे १२० बाय ४८ इंच. लांबून बघायच्या फ्लेक्सला इंचाला ७२ ठिपके धरले तरी ८६४० बाय ३४५६, म्हणजे जवळजवळ तीन कोटी पिक्सेल लागतात. पत्रिकेसारखे ३०० धरले तर आकडा बावन्न कोटींच्या घरात जातो आणि नुसता कच्चा डेटा दीड जीबीच्या वर. जुना संगणक तिथेच मान टाकतो. व्हेक्टरच्या फाइलीत ठिपके नसतातच. रेघ कुठून निघाली, कुठे वळली, कुठे संपली एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून तेच डोकं पावतीवर दीड सेंटिमीटरचं आणि गेटवर चार फुटांचं, दोन्हीकडे तेवढंच धारदार येतं. रेडियम कापणाऱ्या मशीनला तर पिक्सेल कळतच नाहीत. तिच्या पात्याला चालायला वाट लागते.

हा लेख फोटो एडिटर येणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना काहीच येत नाही त्यांना व्हेक्टर उलट लवकर जमतं, असं माझं मत आहे, कारण त्यांच्या हाताला ब्रश आणि खोडरबराची सवय नसते. तुम्हाला नवी बटणं शिकायला फार वेळ लागणार नाही, सवय मोडायला लागेल.

कोणतं सॉफ्टवेअर

आपल्या भागातल्या प्रिंटिंगवाल्यांकडे कोरलड्रॉ असतं, आणि ते बरेचदा कुणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेलं. कोरल चांगलंच आहे, पण शिकण्यासाठी चोरीची प्रत आणि तिच्यासोबत येणारे व्हायरस घरात घ्यायची गरज नाही. इंकस्केप हे व्हेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, खुलं आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर उतरवून आणा. ते २००३ मध्ये सोडिपोडी नावाच्या जुन्या प्रकल्पातून वेगळं झालं आणि त्याची १.० आवृत्ती २०२० मध्ये आली. त्यानंतरची कोणतीही घ्या. त्याआधीची कुणी दिली तर नको म्हणा, खिडक्या आणि बटणं बरीच वेगळी आहेत. त्याची फाइल एसव्हीजी असते. ते जाहीर मानक असल्याने ती फाइल कोरल आणि इलस्ट्रेटरमध्येही उघडते.

बसवल्यावर सगळ्यात आधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ऑटोसेव्ह चालू आहे का बघा आणि मिनिटं कमी करून ठेवा. लाईट कधी जाईल याचा आपल्याकडे भरवसा नाही.

पान मांडणं

फाइल मेनूतून डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा आणि मापं मिलिमीटरमध्ये ठेवा. फ्लेक्सचं पान खऱ्या मापाचं न घेता दहाव्या हिश्शाचं घ्या, म्हणजे ३०४.८ बाय १२१.९ मिलिमीटर. व्हेक्टरला मापाचं बंधन नाही, पण पीडीएफला आहे: साध्या पीडीएफचं पान २०० इंचांच्या पुढे जात नाही. म्हणजे साडेसोळा फुटांच्या आसपास हद्द संपते, आणि मैदानाच्या कमानीचा फ्लेक्स वीस फुटांचा सहज असतो. पहिल्यापासून दहाव्या हिश्शाची सवय लावली की हा प्रश्नच येत नाही. फाइलच्या नावातच ‘एकास दहा’ लिहून टाका, म्हणजे प्रिंटवाला विचारणार नाही.

आता एक बटण आत्ताच शोधून ठेवा. बाण असलेलं निवडीचं टूल घेतलं की वरच्या पट्टीत छोटी छोटी बटणं दिसतात. त्यात वस्तू लहान-मोठी करताना रेघेची जाडीही बदलायची की नाही, हे ठरवणारं एक असतं. ते चालूच ठेवा. बंद असेल तर ५ मिलिमीटर जाड काठ असलेलं शिंग दहापट मोठं केल्यावरही काठ ५ मिलिमीटरच राहतो, आणि गेटवर बैल सुतासारख्या रेघेचा दिसतो. स्क्रीनवर हे ध्यानात येत नाही, फ्लेक्स बांबूला बांधल्यावर येतं.

हाताच्या जुन्या सवयी

फोटो एडिटरमध्ये तुम्ही एका कागदावर रंग लावता. इथे कागदच नाही, प्रत्येक वस्तू सुटी आहे. गोल काढला की तो गोल म्हणूनच राहतो. उद्या त्यावर क्लिक करून लहान करा, लाल करा, काढून टाका. त्यामुळे लेयरची एवढी ओढाताण लागत नाही. पेज अप आणि पेज डाउन दाबून वस्तू वर-खाली करता येतात. एकदा क्लिक केलं की मोठं-लहान करायचे बाण येतात आणि त्याच वस्तूवर पुन्हा क्लिक केलं की फिरवायचे. नवशिक्या इथेच गोंधळतो.

सिलेक्शनचाही अर्थ बदलतो. फोटोशॉपमध्ये तुम्ही जागा निवडता, इथे वस्तू निवडता. माउसने चौकोन ओढला तर जी वस्तू पूर्ण आत आली तेवढीच निवडली जाते. अर्धी बाहेर राहिली की ती सुटली.

रंगाचे दोन भाग असतात, आतला भरणा आणि बाहेरची रेघ. खालच्या रंगपट्टीवर साधं क्लिक केलं की भरणा बदलतो, शिफ्ट दाबून क्लिक केलं की रेघ. पट्टीच्या टोकाला फुलीचं खण असतं, त्याने रंग काढूनच टाकता येतो. पांढरा रंग आणि रंग नसणं यात फरक आहे. फोटो एडिटरवाले पांढऱ्याने झाकायला बघतात. टी-शर्ट लाल असला की ते पांढरं ठिगळ उघडं पडतं.

क्रॉप करायचं असेल तर वर एक आकार ठेवून क्लिप करा. मूळ वस्तू शाबूत राहते, क्लिप सोडलं की परत येते. खोडरबर इंकस्केपमध्ये आहे, पण पहिले काही आठवडे त्याला हात लावू नका. जे खोडावंसं वाटतं ते निवडून डिलीट करा किंवा त्याचा आकार बदला.

नोड आणि हँडल

सगळी विद्या इथे आहे, म्हणून इथे थांबायचं.

व्हेक्टरमधली वळणं ज्या गणिताने काढतात ते १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत घडलं. रेनोमधल्या पिएर बेझिए यांचं नाव त्या वळणांना मिळालं. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो यांनी त्याआधीच, १९५९ मध्ये, तेच काम केलं होतं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. गाडीच्या पत्र्याचा बाक दर वेळी हुबेहूब तसाच यावा, ही त्यांची गरज होती. आपली गरज बैलाच्या शिंगाची आहे, गणित तेच.

एक प्रयोग करा. ई दाबून गोलाचं टूल घ्या आणि कंट्रोल धरून गोल काढा. मग कंट्रोल + शिफ्ट + सी दाबा, गोलाचा पाथ, म्हणजे हवी तशी वळवता येणारी रेघ, होईल. आता एन दाबा. गोलावर फक्त चार नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, दिसतील: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. नोडवर क्लिक करा, दोन दांड्या निघतील. ती हँडलं. हँडल म्हणजे कासरा. ज्या दिशेला धरलं तिकडे रेघ निघते, आणि जितकं लांब ओढलं तितका वेळ ती त्याच दिशेने धावते, मग वळते. गोलात प्रत्येक हँडल त्रिज्येच्या साधारण ०.५५ पट असतं. ते थोडं ओढून बघा, गोलाचा आंबा होईल. एक नोड निवडून शिफ्ट + सी दाबा, तिथे कोपरा पाडता येईल. शिफ्ट + एस दाबलं की पुन्हा गुळगुळीत.

आता त्याच चार नोडांतून सागाचं पान, संत्रं, कापसाचं बोंड काढा. पानाला तर दोनच नोड पुरतात, देठ आणि टोक. किती नोड आहेत ते खालच्या पट्टीत दिसतं. तिथे नजर ठेवा, आकडा वाढायला लागला की समजा हात पुन्हा ब्रशसारखा चालतोय. फोटो एडिटरमध्ये पेन टूलने माणूस कापताना आपण दर अर्ध्या सेंटिमीटरला क्लिक करत जातो, कारण रेघ कुठे चुकली तरी शेवटी मास्कच व्हायचा असतो. इथे तो प्रत्येक क्लिक एक गाठ आहे. गाठी जास्त झाल्या की शिंगाचा बाक लाटांसारखा येतो, आणि मोठ्या फ्लेक्सवर ती प्रत्येक लाट दिसते.

नोड कुठे टाकायचा याचा साधा नियम असा की वळण जिथे सगळ्यात बाहेर जातं तिथे, आणि जिथे खरोखर कोपरा आहे तिथे. मधल्या जागी टाकू नका, तेवढं काम हँडलं करतात. हँडल ओढताना कंट्रोल धरला तर ते ठराविक कोनांतच फिरतं, त्यामुळे आडवं-उभं सरळ ठेवता येतं.

बैलाचं डोकं

आता मूळ काम. बैलाचा समोरून काढलेला फोटो घ्या, मान सरळ असलेला. कंट्रोल + आय ने आत आणा, लेयरच्या पॅनेलमध्ये सगळ्यात खाली ठेवा, अपारदर्शकता निम्मी करा आणि लेयरला कुलूप लावा. कुलूप नाही लावलं तर दर दुसऱ्या क्लिकला फोटोच सरकेल.

डाव्या बाजूच्या पट्टीतून माउसने एक उभी निळी रेघ ओढून नाकाच्या मधोमध ठेवा. फक्त अर्धं डोकं काढायचं आहे. बी दाबून पेन घ्या. नुसतं क्लिक केलं तर कोपरा, क्लिक करून ओढलं तर वळण. कपाळाच्या मध्यापासून सुरुवात करा: शिंगाचा बुंधा, शिंगाच्या बाहेरच्या बाकाचं टोकाचं ठिकाण, शिंगाचं टोक, आतला बाक, मग कान, गालाचा सगळ्यात रुंद भाग, नाकपुडीची बाजू, हनुवटी. शेवटी पहिल्या नोडवर क्लिक करून आकार बंद करा. पहिल्यांदा वेडंवाकडं येणारच. पेनने बरोबर काढायचा हट्ट धरू नका. ढोबळ काढा आणि एन दाबून नोडांनी सुधारा. मुरलेले लोकही तसंच करतात.

आतली कड मधल्या रेघेच्या किंचित पलीकडे जाऊ द्या. मग कंट्रोल + डी ने प्रत काढा, एच दाबून उलटी करा आणि दुसऱ्या बाजूला सरकवा. दोन्ही निवडून कंट्रोल आणि अधिक दाबा. याला युनियन म्हणतात, दोन्ही अर्धकं एक झाली. आतली कड रेघेला नुसती टेकवली असती तर मधोमध केसाएवढी फट राहण्याची भीती होती. रेडियमच्या मशीनने त्या फटीवरून पातं फिरवलं असतं आणि बैल मधून चिरला असता. कपाळावर आणि हनुवटीवर सांध्याचे जास्तीचे नोड राहिले असतील तर डिलीट करा.

डोळे म्हणजे दोन लंबगोल. ते काळ्यावर पांढरे ठेवू नका, भोकच पाडा. दोन्ही डोळे आधी आपसात युनियन करा, डोक्याच्या वर ठेवा, डोकं आणि डोळे दोन्ही निवडून कंट्रोल आणि वजा दाबा. वरचा आकार खालच्यातून कापला जातो. नाकपुड्याही तशाच. वेसणीसाठी जाड रेघेचं वळण काढा आणि पाथ मेनूतून त्या रेघेचा आकार करून घ्या, शॉर्टकट कंट्रोल + अल्ट + सी.

घुंगरमाळेला एकच घुंगरू नीट काढा. मग अल्ट + डी दाबून त्याचे क्लोन करा. क्लोन आणि प्रत यात फरक असा की पहिलं घुंगरू बदललं की सगळे क्लोन आपोआप बदलतात. कमिटीतला कुणीतरी "घुंगरू अजून गोल पाहिजे" म्हणतोच. बाशिंग, झूल वगैरे फ्लेक्सच्या मोठ्या छापात हौसेने काढा, पण वेगळ्या गटात ठेवा. का, ते पुढे येईल.

फोटोवरून आपोआप नाही का होणार?

होतं. शिफ्ट + अल्ट + बी दाबलं की ट्रेस बिटमॅपची खिडकी येते. त्यामागे पीटर सेलिंगर यांचा पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम आहे आणि तो खरंच हुशार आहे. पण बैलाच्या फोटोला लावला तर शेकडो नोडांचा, खरुजेसारख्या काठाचा आकार हातात येतो. तो सुधारण्यापेक्षा नवा काढणं लवकर होतं. शिवाय पहिल्या महिन्यात ट्रेस वापरत राहिलात तर नोड कधीच येणार नाहीत.

त्याची खरी जागा वेगळी आहे: सही, अंगठ्याचा ठसा, जुन्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने हाताने लिहिलेलं नाव. इथे तुमची जुनी कलाही कामी येते. आधी गिंपमध्ये फोटो काळा-पांढरा करा, लेव्हल्स ओढून कागदाचा करडेपणा घालवा, डाग पुसा, मग ट्रेस करा. नंतर एकदाच कंट्रोल + एल, म्हणजे नोड कमी होतील. चार वेळा दाबलं तर अक्षर वितळतं. आणि मूळ फोटो ट्रेसच्या खाली तसाच पडलेला असतो, तो काढून टाकायला विसरू नका.

मराठी अक्षरं

दुकानांत अजूनही कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट चालतात. त्यांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर गचाळ इंग्रजी दिसतो. इंकस्केपमध्ये युनिकोडच वापरा, जोडाक्षरं नीट लागतात. मुक्ता आणि बलू हे ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत. गेटच्या ठळक नावाला बलू छान दिसतो, पावतीच्या बारीक मजकुराला मुक्ता. अक्षरांतलं अंतर वाढवायचा मोह टाळा, शिरोरेघ तुटते.

फाइल दुसऱ्याला देण्याआधी मजकुराचा पाथ करायचा. मजकूर निवडून कंट्रोल + शिफ्ट + सी. आता कंट्रोल + ५ दाबत फक्त रेघा दाखवणाऱ्या दृश्यात जा आणि ‘शंकरपट’ हा शब्द मोठा करून बघा. भरलेल्या रंगात सलग दिसणारी शिरोरेघ इथे तुकड्यांची निघते. श ची रेघ क मध्ये थोडी शिरलेली, क ची र मध्ये, अनुस्वार सुटा. फ्लेक्सला याने काही बिघडत नाही. रेडियमचं पातं मात्र प्रत्येक तुकड्याच्या कडेने फिरतं आणि शिरोरेघेवर प्रत्येक अक्षरापाशी काप पडतो. चिकटवताना अक्षरं एकेक होऊन हातात येतात. उपाय सोपा आहे. गट मोडा, सगळं निवडा, युनियन करा, आणि त्याच दृश्यात पुन्हा बघा: शिरोरेघ आता एकसंध वाट झालेली असेल.

हे करण्याआधी मूळ मजकुराची फाइल वेगळ्या नावाने ठेवा. पाथ झालेल्या अक्षरांचं शुद्धलेखन सुधारता येत नाही, आणि बॅनरवर अजून एक नाव घालायचं राहिलं हा फोन रात्री दहानंतरच येतो.

पुढाऱ्यांचे फोटो

पुढाऱ्यांचे फोटो बिटमॅपच, म्हणजे पिक्सेलचेच, राहणार. गिंपमध्ये कापा, मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी करा आणि इंकस्केपमध्ये आणा. आणताना एम्बेड निवडा. लिंक निवडलं तर पेनड्राइव्हवर फाइल जाते आणि फोटो घरी राहतात. दोन फूट रुंद चेहऱ्याला ७२ च्या हिशेबाने १७२८ पिक्सेल रुंदी लागते. म्हणून फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं.

बाहेर काढणं

मूळ एसव्हीजी तुमच्याकडे. फ्लेक्सवाल्याला काय हवं ते आधी विचारा. पीडीएफ घेत असेल तर उत्तम. पण सावली, धूसरपणा असे इफेक्ट पीडीएफमध्ये जाताना पिक्सेल होतात, त्यांचं रिझोल्यूशन तिथेच वाढवा. काही जण चित्रच मागतात. तेव्हा दहाव्या हिश्शाचं पान ७२० डीपीआयने, म्हणजे इंचाला ७२० ठिपक्यांनी, पीएनजी करा, बरोबर ८६४० बाय ३४५६ येतं. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतं, त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि निळा छपाईत मळका होतो. मोठ्या ऑर्डरला त्याच मशीनवर वीतभर तुकडा छापून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

रेडियमला जाणाऱ्या फाइलीत एकच रंग, सगळा भरणा, रेघ कुठेच नाही, क्लोन सोडवलेले आणि सगळं युनियन केलेलं. रेघांच्या दृश्यात जे दिसतं तेच कापलं जाईल. काचेला आतून लावायचं असेल तर सगळं आडवं उलटं करा. बारीक अनुस्वार आणि रफार रेडियम सोलताना निघून येतात, ते थोडे जाड करा.

टी-शर्टला स्क्रीन प्रिंटिंग असेल तर प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते आणि पैसेही तसे वाढतात. एकरंगी बैल तिथे थेट चालतो.

पावती पुस्तकाचं शेवटी बघा. दीड सेंटिमीटरला नेल्यावर घुंगरमाळ आणि बाशिंगाचा काळा गोळा होतो. वेगळ्या गटात ठेवलेलं ते सगळं तिथे काढून टाका, डोळ्यांची भोकं थोडी मोठी करा, वेसण जाड करा, आणि हीच दुसरी, साधी प्रत वेगळ्या नावाने ठेवा. साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून बघा. बैल ओळखू आला की फाइल प्रेसला द्यायला हरकत नाही.